नापास बायांचं वाचनालय

गावातल्या असाक्षरांची यादी माझ्या हातात आली तेव्हा मी आधी चष्मा पुसला, मग यादी पुन्हा वाचली आणि शाळेतल्या तरुण मास्तरांना विचारलं, "सर, ही कोणत्या गावची उचलून आणली?"

ते बिचारे उन्हातान्हात घरोघर फिरून आले होते. म्हणाले, "आपल्याच गावची हाय गुरुजी. ज्यायनं त्यायनं सोताच्या तोंडानं सांगतलं."

यादीत बारा बाया होत्या. चौथं नाव माझ्या सख्ख्या वहिनीचं होतं.

मला काही कळेना. वहिनीला लिहायला-वाचायला मीच शिकवलं होतं. तिलाच काय, या बारांपैकी निदान आठजणींना मी शिकवलं होतं, पाटी-पेन्सिल हातात देऊन, एकेका अक्षरावरून बोट फिरवायला लावून. त्या सगळ्या पास झाल्या होत्या. आणि आता, त्यांचे केस पांढरे झाल्यावर आणि माझे उरले नसल्यावर, त्याच बाया सरकारी फॉर्मवर अंगठा उठवून मोकळ्या झाल्या होत्या.

आमचं गाव घाटंजीपासून एस.टी.नं अर्ध्या तासावर. आता पोरं मोटरसायकलनं वीस मिनिटांत पोचतात. वाचनालय गावात फार आधीपासून आहे. माझ्या वडिलांच्या काळात वाचनालय म्हणजे एक खोली, एक कंदील आणि एक वर्तमानपत्र. यवतमाळहून येणारा पेपर कंडक्टर फाट्यावर खिडकीतून फेकायचा आणि तो गावात पोचेपर्यंत दिवस कलायचा. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आधी कापसाचा भाव, मग पाऊसपाणी, मग पुढाऱ्यांची भाषणं. भाषणं सुरू झाली की अर्धी माणसं धोतर झटकून उठायची.

त्याच खोलीत शेतकऱ्यांचा प्रौढ वर्ग भरायचा. माझे वडील तिथं सही शिकले. त्यांची सही म्हणजे नांगराचं तास होतं, सरळ आणि खोल. कागद उलटा करून मागून बोट फिरवलं तरी ती हाताला लागायची. सहीच्या पुढं ते फारसे गेले नाहीत, पण मरेपर्यंत रोज संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसायचे. बायांचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की घरचा माणूस जेवायला उशीर का करतो हे त्यांना ठाऊक असायचं.

मग साक्षरतेची मोठी मोहीम आली. मी नुकताच डी.एड. होऊन, नोकरीची वाट पाहत घरी बसलो होतो. गावात प्रभातफेऱ्या निघाल्या, गाणी झाली, पाट्या वाटल्या गेल्या आणि पहिल्यांदाच बाया वाचनालयाच्या ओट्यावर चढल्या. त्या चढल्या तेव्हा ओट्यावरच्या माणसांनी पाय आवरून घेतले आणि ती एकमेकांकडे पाहून हसली. वहिनीच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. ती सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून बसायची आणि सगळ्यांत आधी वाचायची. तिच्यामुळं मला वाटलं, की मी चांगला मास्तर होणार. सहा महिन्यांनी परीक्षा झाली, झाडून सगळ्या पास झाल्या. गावाच्या वेशीवर 'संपूर्ण साक्षर गाव' अशी पत्र्याची पाटी लागली. (ती पुढं कुणीतरी नेऊन गोठ्याचं भोक बुजवायला वापरली, तो भाग वेगळा.) शेवटच्या दिवशी मी भाषण केलं. काय बोललो ते आठवत नाही, टाळ्या तेवढ्या आठवतात.

नंतर मला दिग्रसकडं नोकरी लागली आणि सगळं आयुष्य तिकडंच गेलं. निवृत्त झालो, बायको गेली, तेव्हा गावात परत आलो. दादाच्या घराला लागून माझ्या दोन खोल्या आहेत. जेवण त्यांच्याकडं. रिकामा माणूस दिसला म्हणून गावानं मला वाचनालयाचा सचिव केलं. आता तिथं दोन लोखंडी कपाटं आहेत, पंखा आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. माणसं अजूनही ओट्यावर बसतात, पण हातात मोबाइल असतो. आत कुणी जात नाही.

तर, यादी पाहिल्यावर मी तडक वहिनीला गाठलं. ती अंगणात तुरीचं भूस पाखडत होती.

"वहिनी, तुमाले वाचता येत नाही असं लिहून देलं तुमी?"

"इसरलं सारं, भाऊजी," ती सूप न थांबवता म्हणाली. "वावरात कायची अक्षरं?"

मी मान डोलावली. पटलंही. दिवाळीच्या सुट्टीत पाढे विसरून येणारी पोरं मी जन्मभर पाहिली होती. इथं तर सगळं वयच सरलं होतं. तेव्हा यादीतल्या बायांचा सरकारी साक्षरता वर्ग मीच घ्यायचा असं ठरवलं. अंगात खुमखुमी होतीच.

वर्ग ठेवला बाजाराच्या दिवशी दुपारी आणि आठवड्यातल्या आणखी एका दुपारी. बाजाराच्या दिवशी आमच्याकडं कुणी मजुरीला जात नाही. माणसं घाटंजीला जातात, गाव मोकळं असतं. बाराच्या बारा बाया वेळेवर यायच्या. वेळेवर म्हणजे माझ्याही आधी. वाचनालयाची किल्ली घरी खुंटीला असायची, वहिनीच कुलूप उघडून, झाडून, सतरंजी घालून ठेवायची. सत्तरीची एक बाई होती, तिला सगळं गाव बुढीच म्हणतं. ती पुढ्यात पाटी ठेवून पानाचा डबा उघडायची. दुसरी एक होती, ती दरवर्षी कापसाच्या वेचणीला बायांची टोळी घेऊन जाते. तिचा आवाज असा, की कुजबुजली तरी ओट्यावर ऐकू जायचं. हजेरी शंभर टक्के. अशी हजेरी मला सरकारी शाळेत तांदूळ वाटपाच्या दिवशीसुद्धा मिळाली नव्हती.

आणि तरी कुणालाही काही येईना.

अ, आ, इ, ई ठीक. पुढं गेलं की पालथ्या घड्यावर पाणी. आज फळ्यावर वाचलेलं उद्या पुसलेलं. मी शब्द लिहायचो 'कमळ', बुढी म्हणायची, "घागर." मी चिडायचो. माझा स्वभाव मुळात तापट, शाळेत माझा खडू नेमका कानावर बसायचा अशी ख्याती होती. पण बायांवर खडू कसा फेकणार? मी पाणी प्यायला बाहेर जायचो. आत आलो की सगळ्या शांत, माना खाली, पाट्यांवर रेघोट्या.

पहिल्या वर्षीची परीक्षा शाळेत झाली. निकाल आला. बाराजणींच्या नावापुढं एकच शेरा होता: सुधारणा आवश्यक.

तरुण मास्तरांनी संकोचत मला पेपर दाखवले. एका प्रश्नात चित्रांच्या जोड्या शब्दांशी लावायच्या होत्या. बैलाचं चित्र होतं. जन्मापासून बैलाच्या शेपटीमागं चाललेल्या या बायांनी बैलाची रेघ ओढली होती 'विमान' या शब्दाकडं. एकीनं नाही, बाराजणींनी. मी शाळेत कॉपीचे सगळे प्रकार पाहिले आहेत. मांडीवर लिहिलेलं, रुमालावर लिहिलेलं. पण चुकीच्या उत्तराची अशी एकदिलानं केलेली कॉपी मी बापजन्मी पाहिली नव्हती.

वर्गात मी ओरडलो, "कॉपी कराची तं बरोबर उत्तराची तरी करा!"

त्या हसल्या. जरा जास्तच हसल्या, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी मी पद्धत बदलली. पाटी बाजूला ठेवली आणि पेपर वाचून दाखवायला लागलो. म्हटलं, आधी गोडी लागू दे. वर्षभरात काही गोष्टी अशा घडल्या, की मी घरी येऊन विचार करत बसायचो. एकदा पेपर वाचता वाचता माझी ओळ हुकली, मधला एक परिच्छेद सुटला. माझ्या शेजारी बसलेली बुढी पान चघळत म्हणाली, "गुरुजी, मधातलं राह्यलं."

मी दचकून विचारलं, "तुमाले कसं समजलं?"

"तुमचं बोट भसकन खाली गेलं ना," ती म्हणाली.

बोट खाली गेलं होतं हे खरंच. मी सुटलेला परिच्छेद वाचायला घेतला. आणखी एकदा कपाट लावताना एका जाड कादंबरीच्या मध्यावर केसांची पिन सापडली. नोंदवहीत त्या पुस्तकाच्या नावावर वर्षानुवर्षं कुणाची नोंद नव्हती. आठ दिवसांनी पाहिलं तर पिन पुढच्या प्रकरणात गेली होती. मी त्या पिनेकडं पाहत उभा राहिलो. मला वाटलं, मीच वेंधळा झालो, मीच हलवली असणार. वय झालं की माणूस दुसऱ्यांपेक्षा स्वतःवर लवकर संशय घेतो.

दुसरी परीक्षा झाली. सुधारणा आवश्यक. बाराही. या वेळी बैल 'डॉक्टर' झाला होता.

त्या रात्री मी जेवलो नाही. खरं सांगतो, मला रडू आलं. मी स्वतःला विचारलं, बाबा रे, इतकी वर्षं तू शाळेत नक्की काय केलंस? पोरं आपोआप शिकत होती आणि तू पगार घेत होतास की काय? मोहिमेच्या वेळी त्या पास झाल्या तेही खोटंच होतं का? तेव्हा कुणी तरी दयेनं गुण दिले असतील. दादा मला सकाळी म्हणाला, "जाऊ दे ना रे, पोरीसोरी हायेत का त्या? जुन्या लाकडाले कायचं वाकवतं." त्याचं म्हणणं मला गोड वाटलं नाही.

परीक्षेनंतर पंधरवड्यानं मला डोळे दाखवायला यवतमाळला जायचं होतं. नेमका बाजाराचा दिवस. मी वहिनीला सांगितलं, आज वर्ग नाही, मी संध्याकाळीच येईन. पण डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आणि मी दुपारच्या गाडीनं परतलो. फाट्यावरून चालत येताना वाचनालयाचं दार लोटलेलं दिसलं. बाहेर बायकांच्या चपला ओळीनं. ओट्यावर चिटपाखरू नाही. आतून चिंचोके फुटल्यासारखा टकटक आवाज येत होता आणि त्या आवाजावरून कुणाचा तरी दुसरा आवाज वाहत होता.

मी खिडकीशी थांबलो. वहिनी वाचत होती.

ती अडखळत नव्हती. स्वल्पविरामाला थांबत होती, पूर्णविरामाला श्वास घेत होती. कादंबरीत सासू-सुनेचं भांडण चाललं होतं. सासूचं बोलणं आलं की वहिनीचा आवाज जाड व्हायचा, सुनेचं आलं की बारीक. बाकीच्या बाया भोवती बसून चिंचा फोडत होत्या. एक पान संपलं, वहिनीनं ते उलटायला थुंकी लावली तेवढ्यात बुढी खेकसली, "थांबू नको वो, वाच! काय म्हणलं मंग तिनं?"

मी शाळेत पुष्कळ वाचन घेतलं. इतकं सुरेख प्रकट वाचन माझ्या वर्गात कधी झालं नाही. छाती फुगली. आणि पाठोपाठ डोक्यात सणक गेली. मी दार ढकलून आत गेलो.

पुस्तक वहिनीच्या पदराखाली गेलं. पुस्तक लपवणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत. नातवंडं असलेल्या बाईला पुस्तक लपवताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हे काय चालू हाय?" मी विचारलं.

"चिंचा फोडून राह्यलो," बुढी म्हणाली.

"मी आंधळा हाय का?"

"तेच तं दाखवाले गेलते ना यवतमाळले," वेचणीवाली म्हणाली आणि सगळ्या फिस्सकन हसल्या. वहिनी हसली नाही. तिनं पुस्तक पदराखालून काढून सतरंजीवर ठेवलं.

"येते भाऊजी," ती म्हणाली. "सारं येते. तुमीच शिकवलं, ते जाईन कुठी?"

"मंग परीक्षेत? बैल काहून विमान केला? माह्या इज्जतीचा फालुदा काहून केला?"

"पास झालं का वर्ग बंद," वेचणीवाली म्हणाली. तिला यात विचारण्यासारखं काय आहे हेच कळत नव्हतं. "वर्ग बंद झाला का बसा घरी."

"वर्ग बंद झाला तं झाला! वाचनालय कोण बंद करून राह्यलं? सार्वजनिक हाय हे. बाहेर पाटीवर लिहून हाय."

"पाटी वाचता येते आमाले," वहिनी म्हणाली.

मी खाली बसलो. माझ्या हातात डोळ्यांच्या दवाखान्याची पिशवी होती, ती मी मांडीवर घेतली. वहिनी माझ्याकडं न पाहता बोलत होती, हातातल्या चिंचेच्या शिरा काढत काढत.

"तवा बी आमी साऱ्या पास झालो होतो. तुमी भाषण केलं. तुमी म्हणलं, 'आता तुमी सुटल्या, आता तुमाले इथं यायची गरज नाही.' साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. मीनं बी वाजवल्या. दुसऱ्या हप्त्यात मी पुस्तक बदलाले आलती. तुमी ओट्यावर चार जणाइसंगं बसून होते. तुमी म्हणलं, 'वहिनी, काही काम होतं काय?'"

"मंग?"

"मंग काय. काय काम सांगू? मीनं म्हणलं, तुमचे दादा इथं हायेत का पाहाले आली. अन् परत गेली."

मला ते आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. त्या दिवसांतली खडूची पेटी आठवते, ओट्याचा तुटलेला दगड आठवतो, चारजण कोण असतील तेही अंदाजानं सांगता येतं. ओट्याखाली उभी असलेली वहिनी काही केल्या आठवत नाही. आणि मी तसं म्हणालो असेन यात मला शंकाही नाही. मी ते चांगल्या मनानं विचारलं असेल. काही काम असेल तर करून द्यावं, म्हणून. माझ्या वडिलांना सही आल्यावरही ते तीसेक वर्षं त्या ओट्यावर जात राहिले; त्यांना कुणी विचारलं नव्हतं, काही काम होतं काय.

वाईट वाटलं की माझा हात कामाला लागतो. दुसऱ्याच दिवशी मी ठळक अक्षरांत सूचना लिहून दारावर लावली: महिलांसाठी वाचनालय रोज दुपारी दोन ते चार खुले. वर्ग असो वा नसो. ओट्यावरच्या मंडळींना बजावलं, या वेळात इथं बसायचं नाही. त्यांनी मान हलवली. दोन वाजता मी पंखा लावून बसलो. चार वाजता पंखा बंद करून घरी आलो. असं आठवडाभर चाललं. वर्गाच्या दोन दिवशी बारा आल्या, बाकीच्या दिवशी एकही नाही.

मी वहिनीला पुन्हा गाठलं. या वेळी मात्र मी जपून विचारलं.

"भाऊजी, तुमाले समजत कसं नाही?" ती म्हणाली. "वाचता येत नाही, तं लोक म्हणते वाचनालयात काय करते. वाचता येते, तं म्हणते घरी वाच ना."

"मंग घरी वाचा. पुस्तक मी आणून देतो."

"घरी?" ती हसली. "घरी बसलेल्या बाईच्या हातात पुस्तक टिकते का? कोणी पाणी मांगते, कोणी चाय मांगते. अन् कोणी काही मांगलं नाही तं मलेच वाटते, उठाव. वर्ग कसा, सरकारनं बलावलेला. तुमचे दादा बी काही म्हणत नाही. सरकारी काम म्हणलं का सारे चूप."

त्यानंतर मी कितीतरी दिवस गोंधळात होतो. अजूनही आहे. मास्तराचं काम काय, तर नापास पोराला पास करणं. पोराला येत नसेल तर यावं म्हणून झटणं. येत असेल तर तसं लिहून देणं. इथं मी खरं लिहिलं तर बाराजणी साक्षर ठरतात आणि वाचन सुटतं. खोटं लिहिलं तर अडाणी ठरतात आणि वाचत राहतात. मग साक्षर कुणाला म्हणायचं? मी एकदा मनाशी ठरवायचो, की तरुण मास्तरांना सगळं सांगून टाकावं. शाळेपर्यंत जायचो, चहा पिऊन परत यायचो. दुसऱ्या दिवशी ठरवायचो, की जे चाललंय ते चालू द्यावं. मग वाटायचं, आपण यांना एका खोट्याच्या आधारानं जगायला शिकवतोय. शेवटी हेही वाटायचं, की या सगळ्यात मला विचारतंय कोण? बायांनी दोन वर्षं माझ्याशिवायच सगळं ठरवलं होतं. माझी गरज त्यांना हजेरीपटावरच्या सहीपुरती होती.

वर्ग मात्र बदलला. आता मी दारात खुर्ची टाकून पेपर वाचतो आणि आत वहिनी वाचते. कुणी येताना दिसलं की मी खाकरतो आणि आतून बाराजणी एका सुरात "क कमळाचा" म्हणायला लागतात. एवढी म्हातारी झालेली माणसं आम्ही! मला स्वतःची लाज वाटते आणि गंमतही वाटते. आधी काय वाटतं ते सांगता येत नाही.

आता तिसरं वर्ष सुरू होतंय. नवी यादी आली. तरुण मास्तर परवा विचारून गेले, "गुरुजी, याच बारा ठेवाच्या का काढाच्या?" मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो. ही गोष्ट त्यांनी रस्त्यात दादालाही विचारली असावी.

काल दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. दादा वावरातून आला होता, दमलेला होता. दादा वाईट माणूस नाही. वहिनीचे गुडघे दुखतात म्हणून मागच्या वर्षी त्यानंच गॅसचा ओटा बांधून दिला, खाली बसून रांधावं लागू नये म्हणून. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मला म्हणाला, "तू एकदा खरं सांगून दे. दोन सालं झाले. बारकी पोरं बी दोन सालात शिकते. हिले येते का नाही? येत असन तं बस झालं, आता घरी राह्य म्हणा. नसन येत तं बी बस झालं. कायले टाइम खराब करतं?"

दोन्ही दारं त्यानं एकाच दमात लावून घेतली होती आणि त्याला ते माहीतही नव्हतं. वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तव्यावर भाकर होती. तिनं ती उलटली नाही.

मी घास गिळला.

"येऊन राह्यलं, दादा," मी म्हणालो. "पण लय हळू."

"किती हळू?"

"आता काय सांगू तुले. डोकं मंद हाय वहिनीचं. बाकीच्याइपेक्षा बी मंद. अजून दोन-तीन सालं तं लागनच. अन् नाव सरकारात गेलं हाय, मधात सोडता येत नाही."

दादा मोकळेपणानं हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल. "मीनं तं लग्नातच ओळखलं होतं," तो म्हणाला आणि वरणाची वाटी पुढं ओढली.

सगळ्या नोकरीत मी एकाही बापाला त्याचं लेकरू मठ्ठ आहे असं सांगितलं नव्हतं. लाख चिडलो, खडू मारले, पण हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते पहिल्यांदा काढलं, ते माझ्या हातून शिकलेल्या सगळ्यांत हुशार विद्यार्थिनीबद्दल, तिच्याच घरात, तिच्याच हातची भाकर खाताना. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला. वहिनीनं ती उलटली, आणि मागं वळून न पाहता नवऱ्याला म्हणाली, "मंग? जाव लागन ना मले, अजून."